शंभर टक्के वेगळी लाइन

मंगळवार, ३ मार्च

ओव्हन आला आणि स्वयंपाकघर निम्मं झालं. फ्रिज खिडकीला चिकटला, डब्यांची मांडणी बाहेरच्या खोलीत गेली. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता आपण जेवायला बसायचं कुठे, ओव्हनमध्ये?"

मी हसले. छापखान्यात एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. मुद्रितं तपासणाऱ्या बाईला चुकताना कोणी पाहत नाही, ती आधीच लाल पेन घेऊन बसलेली असते. छापखाना बंद झाला तेव्हा मी सगळ्यांना सांगून टाकलं की आता पाव करणार आणि विकणार. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मग न करता राहता आलं असतं.

वाचनालयासमोरच्या कॅफेवालीने माझा पाव चार वेळा चाखला. १ एप्रिलपासून रोज सकाळी चाळीस हवेत म्हणाली. अट एकच, घरून धंदा करायच्या परवान्याचा कागद. त्या कागदासाठी स्वयंपाकघराच्या वायरिंगची तपासणी. तपासनीस २४ तारखेला येणार, आणि नापास झालो तर पुढची तारीख जूनमध्ये. कॅफेवाली जूनपर्यंत थांबणार नाही. दुसऱ्या एका बाईचे पावही ती चाखतेय, हे तिने माझ्यापासून लपवलं नाही. लपवलं असतं तर मला आवडलं असतं.

सासऱ्यांना नियमांचं पत्रक दाखवलं. (मी त्यांना बाबाच म्हणते, इथेही तेच लिहीन.) त्यांनी ते हात लांब करून धरलं. मग आणखी लांब धरलं. हात संपल्यावर माझ्याकडे देऊन म्हणाले, "वाच."

मी वाचलं. ओव्हनला बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर. फ्रिजची वेगळी लाइन. ओट्यावरच्या सगळ्या सॉकेटना गळती पकडणारा सेफ्टी स्विच. नळापासून हातभर अंतरात सॉकेट नको. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

"आणि माणूस?" बाबा म्हणाले. "माणूस चालतो का स्वयंपाकघरात?"

या घराचं वायरिंग बाबांनी एकतीस वर्षांपूर्वी स्वतः केलंय. आजूबाजूच्या निम्म्या घरांचंही. 'माझ्या वायरिंगमध्ये आजवर ठिणगी नाही' हे वाक्य मी या घरात आल्यापासून ऐकतेय. रोजच्या जेवणात मीठ असतं तसं ते असतं.

गुरुवार, ५ मार्च

वायरमनबाई आली. पस्तिशीची, अंबाड्यात टेस्टर खोचलेला. बाबा पूर्वी संध्याकाळच्या वर्गात वायरमनचं काम शिकवायचे, त्या वर्गातली ती.

"ओळखलंत का सर?"

"ओळखलं. परीक्षेत बोर्ड उलटा बसवणारी तू."

"बोर्ड सरळ होता सर. तुम्ही टेबलाच्या पलीकडे उभे होता."

बाबा दिवसभर तिच्यामागे मांजरासारखे फिरत होते. तिने जुना फ्यूजचा बोर्ड उतरवला तेव्हा मात्र आत जाऊन बसले. तो बोर्ड मी जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यांच्या कपाटात ठेवला. टाकायचं धाडस झालं नाही.

स्वयंपाकघराच्या सगळ्या लाइनींना मिळून तिने एकच सेफ्टी स्विच बसवला, आणि तो कसा चालतो हे मला सांगितलं. एका वायरीतून जेवढा करंट जातो तेवढाच दुसरीतून परत यायला हवा. थोडा जरी कमी आला तर तो कुठेतरी गळतोय, कदाचित माणसाच्या अंगातून जातोय. मग स्विच डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. जेवढं दिलं तेवढं परत आलं पाहिजे, नाहीतर सगळं बंद. असा स्विच मला लग्नाच्या वेळी कोणी दाखवला नाही.

निघताना तिने विचारलं, "सर, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून मागची खोली आहे. तिची लाइन याच्यापासून वेगळी आहे ना? नाहीतर तिथली छताजवळची, वायरींच्या जोडांची डबी उघडून बघते."

"शंभर टक्के वेगळी," बाबा म्हणाले.

"मग प्रश्नच नाही," म्हणून तिने पिशवी भरली. बाबा पाणी प्यायला आत गेले. पाण्याची बाटली त्यांच्या हातातच होती. वय झालंय.

शुक्रवार, ६ मार्च

पहिला घाणा, बारा पाव. दुपारी तीन वाजता ते फुगायला लागले तेवढ्यात 'टक' झालं आणि ओव्हन, फ्रिज, सगळं गेलं. मागच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझा वाचायचा दिवा आत्ता लावला तोच गेला." त्यांचा पंखा मात्र चालू होता. बल्ब उडाला असेल म्हणाल्या. बाबांनी बल्ब बदलला, मी स्विच वर केला, पाव बसले ते बसलेच. रात्री सगळ्यांनी दुधात बुडवून खाल्ले. नवरा म्हणाला, "चव छान आहे, फक्त कापायला करवत लागेल."

रविवार, ८ मार्च

पुन्हा तेच. दुपारी तीन.

"ओव्हन नवा आहे," बाबा म्हणाले. मागच्या खोलीतून घाईघाईने येऊन म्हणाले, मी काही विचारायच्या आत. "नव्या सुनेसारखं असतं. रुळायला वेळ लागतो."

"तुम्ही अजून रुळला नाहीत," सासूबाई आतून म्हणाल्या. "आणि तो बल्ब कसला आणलात, परत गेला."

वायरमनबाईला फोन केला. तिने सांगितलं, एकेक वस्तू काढून बघा, कोणती काढल्यावर स्विच पडत नाही ते लिहून ठेवा. हे काम माझं. तक्ता आखला: ओव्हन, फ्रिज, मिक्सर, किटली. स्वयंपाकघराबाहेरचं काही धरायचं नाही, कारण ती लाइन वेगळी आहे. तक्ता फार सुरेख झालाय. त्यातून काहीही कळत नाही.

मंगळवार, १० मार्च

आज माझा जीव जायचा राहिला. भाजी घेऊन आले तर बाबा मागच्या खोलीत स्टुलावर उभे, हातात स्क्रू ड्रायव्हर, छताजवळच्या डबीकडे हात लांबवलेला, आणि पाय थरथरतायत. गेल्या वर्षी याच स्टुलावरून पडून सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते.

"काय करताय?"

"डबीचं झाकण पुसत होतो."

"स्क्रू ड्रायव्हरने?"

उतरले. मी स्टूल उचललं आणि सरळ शेजारणीकडे नेऊन ठेवलं. तिला सांगितलं, हे मागायला आमचे बाबा आले तर नाही म्हणायचं. मला वाटतं मी योग्य केलं. बाबा रात्री जेवताना इतके गप्प होते की नवऱ्याने मला पायाने खुणावलं. लहान मुलाचं खेळणं काढून घेतल्यासारखं झालं. पण हाड मोडलं असतं तर?

गुरुवार, १२ मार्च

लिहायला हात शिवशिवतोय अशी गोष्ट घडली.

जेवणं झाली. सासूबाई रोज या वेळी मागच्या खोलीत आडव्या होऊन पुस्तक वाचतात. आज बाबांनी खुर्ची उचलून गॅलरीत नेली, तिच्यावर उशी ठेवली आणि म्हणाले, "आत कसला अंधार असतो. इथे बघ किती छान उजेड आहे. बस, मी वाचून दाखवतो."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. या माणसाने एकावन्न वर्षांत बायकोला वर्तमानपत्राचा मथळासुद्धा वाचून दाखवलेला नाही. आणि आज हात लांब करकरून, अडखळत, चक्क एका खुनाची गोष्ट वाचत होते.

"खून कोणी केला ते आधी सांग," पाचव्या पानावर म्हणाले. "म्हणजे त्याचं नाव आलं की मी जरा जोर देऊन वाचेन."

"सांगितलं तर मग वाचायचं कशाला?"

"वेळ जायला."

मी ओट्याशी उभी राहून पीठ मळत होते. डोळे भरून आले म्हणून मनगटाने पुसले, तर पापण्यांना पीठ लागलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताप बघितलास का बाबांचा?" याच्याकडून मला सत्तराव्या वर्षी काही मिळेल अशी आशा नाही.

आणि हो, स्विच आज पडला नाही.

सोमवार, १६ मार्च

चार दिवस. एकदाही पडला नाही. ओव्हन खरंच रुळला. काल चोवीस पाव, सगळे सारखे, वरून तांबूस. एक कॅफेवालीकडे नेऊन दिला, तिने माझ्यासमोर खाल्ला आणि दुसऱ्या बाईचं नाव काढलं नाही.

गॅलरीतला कार्यक्रम रोज चालू आहे. ऊन सरकलं की बाबा खुर्ची सरकवतात. काल ऊन अगदी तोंडावर आलं तर छत्री धरून उभे राहिले, पण आत चल म्हणाले नाहीत. दुपारी सासूबाई चष्म्याचा डबा आणायला मागच्या खोलीत निघाल्या, तर हे त्यांच्या आधी धावत गेले. धावत.

वायरमनबाईचा फोन आला.

"स्विच पडतोय का ताई अजून?"

"चार दिवस झाले, नाही पडला."

"काही बदललंत का घरात?"

"काहीच नाही. सासू-सासरे प्रेमात पडलेत, तेवढंच."

मग म्हणाली, "कधीपासून?"

"गुरुवारपासून. रोज दुपारी गॅलरीत बसून वाचतात. आधी त्या मागच्या खोलीत वाचायच्या."

"सर आहेत का तिथे? नको, राहू द्या. मी तेवीसला येते, तपासणीच्या आधी एकदा सगळं मोजून घेते. आणि ताई, तोवर मागच्या खोलीतल्या डबीला कोणाला हात लावू देऊ नका."

मी म्हटलं, निश्चिंत राहा, स्टूलच घरात नाही. किती काळजीने काम करते ही मुलगी.

बुधवार, १८ मार्च

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि दार लावून घेतलं. मी पिठात हात घालून उभी.

"मला काय झालंय ते खरं सांग."

"म्हणजे?"

"गेल्या महिन्यात रक्त तपासलं. त्यात काय निघालं?"

"काही नाही आई. साखर किंचित जास्त. तुम्ही वाचलात की कागद."

"तो मला दाखवायचा कागद. दुसरा कुठाय?"

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"एकावन्न वर्षांत या माणसाने मला पाण्याचा पेला आणून दिला नाही. काल चहा करून आणला. साखर घालायची विसरले, तरी आणला. डोक्यावर छत्री धरतात. मी उठले की मागे धावतात. हे कोणासाठी करतात माणसं? जाणाऱ्यासाठी करतात."

मी परोपरीने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाल्या, "निळी शाल नातीला दे. शिकायला गेलीय तिथे थंडी असते." नात म्हणजे माझी लेक. शाल खांद्यावरून काढून त्यांनी ओट्यावर ठेवलीसुद्धा. पिठात.

नवऱ्याला सांगितलं, तर तो आधी हसला, मग गप्प झाला, मग मला विचारतो, "दुसरा कागद नाहीये ना खरंच?"

शुक्रवार, २० मार्च

आज सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

सासूबाई कालपासून नीट जेवल्या नाहीत. आज दुपारी गॅलरीत गेल्याच नाहीत. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या. बाबा पुस्तक घेऊन गॅलरीत एकटे बसले. मी ओव्हनमध्ये चाळीस पावांचा पहिला पूर्ण घाणा ठेवला होता, कॅफेच्या मापाचा. तो लावून मी बाबांकडे गेले आणि सांगून टाकलं.

"बाबा, तुम्ही इतके चांगले वागताय की आईंना वाटतंय त्या जगत नाहीत आता."

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पुस्तक मांडीवर उपडं घातलं. कितीतरी वेळ समोरच्या घराच्या खिडक्या बघत राहिले. मग उठले आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

मागच्या खोलीत गेलो. सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. बाबांनी पलंगाशेजारच्या दिव्याचं बटण दाबलं. दिवा क्षणभर लागला, स्वयंपाकघरातून 'टक' आलं, आणि दिवा गेला. पंखा फिरत होता.

"तू मरत नाहीयेस," बाबा म्हणाले. "माझी लाइन चुकलीय."

सासूबाई उठून बसल्या. मी उभीच. आत चाळीस पाव अर्धे भाजून थांबले होते, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी तेच आले.

मग बाबांनी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी घरं भराभर होत होती, ते सकाळपासून रात्रीपर्यंत दुसऱ्यांकडे. सासूबाई म्हणाल्या होत्या, सगळ्या वस्तीला उजेड देता आणि मी अंधारात वाचते. एका दुपारी जेवायला आले तेव्हा त्यांनी तासाभरात हा दिवा बसवला. स्वयंपाकघराचं सॉकेट भिंतीच्या पलीकडेच होतं, तिथून फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, ओढली. परतीची न्यूट्रल वायर मागच्या खोलीच्या पंख्याच्या लाइनची घेतली, कारण ती हाताशी होती. म्हणजे करंट जातो एका घरून आणि परततो दुसऱ्या घरी. जुना फ्यूज हे मोजत नव्हता. नवा स्विच मोजतो.

"रविवारी नीट करणार होतो," बाबा म्हणाले.

"रविवार आला नाही वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"सोळाशे आले."

मी विचारलं, "पण मग त्या दिवशी शंभर टक्के वेगळी का म्हणालात?"

"बोलताना खरंच आठवलं नाही. पाणी पिताना आठवलं." मग म्हणाले, "त्या मुलीने माझ्या शब्दावर डबी उघडली नाही. उघडली असती, तर मागच्या खोलीची लाइन बंद करून निर्धास्त हात घातला असता. आणि आत स्वयंपाकघराचा करंट जिवंत असता. मी नीट करायला स्टुलावर चढलो तर तू स्टूल नेलंस. मग म्हटलं निदान दिवा लागू नये."

दिवा लागू नये. सगळं गॅलरीतलं प्रकरण, उशी, छत्री, बिनसाखरेचा चहा, सगळं त्या एका वाक्यात मावलं. मी एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतला, हे कोणाला सांगू नये.

मला वाटलं सासूबाई सुटकेचा श्वास टाकतील. त्यांनी विचारलं, "म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"नाही."

"आणि ते वाचन?"

बाबांनी दिव्याचं बटण बंद केलं.

सासूबाईंनी पांघरूण बाजूला केलं, ओट्यावरून आपली शाल घेतली, पीठ झटकलं आणि खांद्यावर टाकली. मग पोटभर जेवल्या. जेवताना बाबांकडे एकदाही पाहिलं नाही. बरी झालेली बाई इतकी रागावलेली मी प्रथमच बघितली.

चाळीस पाव वाया गेले. हे कोणी मला विचारलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

सोमवार, २३ मार्च

वायरमनबाई आली. बाबा दारातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. तिला आत येऊ द्यायच्या आधी त्यांनी सांगितलं, मागच्या खोलीत फेज इथली आणि न्यूट्रल तिथली आहे, माझं काम आहे, आणि मी तुला खोटं सांगितलं.

"माहितीय सर," ती म्हणाली. "गेल्या सोमवारी ताईंशी फोनवर बोलले तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच शिकवलंत. जुन्या कामात काही विचित्र दिसलं तर ज्याने जोडलंय त्याला आधी बोलू द्यावं."

"असं मी शिकवलं?"

"पहिल्याच आठवड्यात."

"फार शहाणा होतो मी," बाबा म्हणाले.

शेजारणीकडून स्टूल आणलं. चढली ती. बाबांनी खालून टॉर्च धरला. तिने आधी दोन्ही लाइन बंद केल्या, तरी टेस्टर लावून बघितला, तरी हाताची पालथी बाजू लावून बघितली. बाबा पुटपुटत होते, "बरोबर. बरोबर." स्वयंपाकघराची फेज काढून दिवा मागच्या खोलीच्या लाइनवर घेतला. घड्याळ लावून वीस मिनिटं.

"एकतीस वर्षं आणि वीस मिनिटं," सासूबाई दारातून म्हणाल्या. शुक्रवारपासून बाबांशी बोललेलं हे पहिलं वाक्य. बाबांनी मान खाली घातली, पण टॉर्च हलू दिला नाही.

मंगळवार, २४ मार्च

तपासनीस. किरकोळ बांध्याचा माणूस, शब्द मोजून वापरणारा. नळापासून सॉकेटचं अंतर टेपने मोजलं. ओव्हनची वायर बघितली. सेफ्टी स्विचचं चाचणीचं बटण दाबलं, 'टक', मान डोलावली. अर्ध्या तासात सगळं सुरळीत. मग फॉर्मवर पेन टेकवून त्याने विचारलं, "जुन्या वायरिंगमध्ये काही दोष आढळला होता?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. ते दुरुस्त झालं होतं. आता तिथे काही नव्हतं. मला कागद हवा होता.

"होता," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे असं पाहिलं, सून सासऱ्याकडे पाहत नाही तसं.

तपासनीसाने फॉर्म पुढे केला. बाबांनी माझा चष्मा मागितला, माझा, आणि 'आढळलेला दोष' या रकान्यात लिहायला बसले. रकाना चार ओळींचा, त्यांनी नऊ ओळी लिहिल्या, उरलेल्या समासात गेल्या. खाली स्वतःचं नाव, आणि वायरमनचा जुना क्रमांक, न अडखळता. तपासनीसाने ते दोनदा वाचलं. मग पिशवीतलं मीटर परत बाहेर काढलं, स्टूल मागितलं, डबी उघडायला लावली आणि सगळं नव्याने मोजलं. चाळीस मिनिटं. तेवढ्यात कॅफेवालीला काय सांगायचं ते माझं तीन प्रकारे ठरवून झालं.

पास.

जाताना त्याने बाबांना विचारलं, "अशी आणखी कुठे जोडली आहेत?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. हल्ली त्यांना ऐकू जरा कमी येतं.

शुक्रवार, २७ मार्च

कागद हातात आला. शिक्का तिरका आहे, पण आहे.

सासूबाई मागच्या खोलीत दिवा लावून स्वतः वाचतात. बाबा दाराशी घुटमळतात. आज विचारत होते, "गोष्टीतला तो माळी सापडला का?"

"पुस्तक आहे तिथे. वाचा की."

"अक्षर बारीक आहे."

"आठवडाभर मोठं होतं वाटतं."

पण त्या सरकून बसल्या. पलंगावर एका माणसाची जागा झाली. बाबा बसले. सासूबाईंनी खून कोणी केला ते अजून सांगितलेलं नाही.

बुधवार, १ एप्रिल

पहाटे चाळीस. अडतीस गेले, दोन माझ्या मते करपलेले म्हणून मागे ठेवले. नवरा ते खात म्हणाला, "याला करपलेलं म्हणतात? मग मी या घरात काय काय खाल्लंय." त्याचं ऐकून ते दोन नंतर नेऊन द्यावेसे वाटले, पण अर्धे संपले होते. उद्यापासून बेचाळीस लावेन.

कॅफेच्या काचेमागे माझे पाव बघितले. आत गेले नाही. रस्त्याच्या पलीकडून बघितले आणि घरी आले.

बाबांनी दुपारी विचारलं, रविवारी आठ पाव जादा करशील का. कोणासाठी म्हटलं तर म्हणाले, आहे एक काम.

रविवार, ५ एप्रिल

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसलेले. हातात कागद, त्यावर चार घरांचे पत्ते. त्या वर्षी घाईत अशीच जोडणी आणखी चार ठिकाणी केली होती. आठवायला आठ दिवस लागले म्हणाले. म्हणजे तपासनीसाचा प्रश्न त्यांना नीट ऐकू गेला होता.

"रिकाम्या हाताने कसं सांगायचं," म्हणून आठ पाव. घरटी दोन.

नवरा म्हणाला, "बाबा, फोन करा ना. नाहीतर मी जातो."

"जोडलं मी, आणि जाणार तू?"

सासूबाई चपला घालून तयार होत्या. "मी येते. तुम्ही 'शंभर टक्के' म्हणायला लागलात तर कोपराने ढोसायला कोणीतरी हवं."

मला भीती वाटत होती. म्हाताऱ्या माणसाला कोणी दारातच चार शब्द सुनावले तर? लोक म्हणतील, एकतीस वर्षांनी सांगताय. आणि बरोबरच म्हणतील. मी गॅलरीतून दोघांना कोपऱ्यापर्यंत पाहिलं. पिशवी सासूबाईंच्या हातात होती, आणि बाबा काहीतरी बोलत चालले होते, बहुतेक सराव.

दीडच्या सुमारास आले. आधी सासूबाई आत आल्या, घाम पुसत.

पहिल्या घराचं सगळं वायरिंग दहा वर्षांपूर्वी नवं झालंय. त्यांनी बाबांना बसवून घेतलं, पाव लगेच कापून खाल्ले, आणि कशाला आलात ते शेवटपर्यंत कळलं नाही त्यांना. दुसऱ्या घराला कुलूप. पाव परत आणले नाहीत, शेजारी ठेवून आल्या. तिसऱ्या घरी बाबांची जुनी ओळखीची बाई आता नाही, तिची सून आहे. ती जरा रागावली. "रागावू दे," सासूबाई म्हणाल्या, "मी असते तर मीही रागावले असते. हे उभे राहिले तिथे. ऐकून घेतलं सगळं."

"आणि चौथं?"

बाबा अजून उंबऱ्याशीच होते, चप्पल न काढता. "आहे," म्हणाले. "तसंच आहे. जिन्याखालचा दिवा. त्यांची पोरं खेळतात तिथे. मी मेन बंद करून आलोय. त्यांच्याकडे पंखा नाही, फ्रिज नाही, काही नाही आत्ता. मी सांगितलं, संध्याकाळच्या आत माणूस आणतो."

"बाबा, दोन घास खाऊन घ्या आधी. ताट वाढलंय."

"आधी त्या वायरमन पोरीला फोन लाव," बाबा म्हणाले. "आणि स्टूल दे. तिच्यासाठी."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला आणि स्टूल आणायला गेले.